हात लावून सांग

आमच्या वन्संना इमारतीत सगळे तोंडावर 'सिस्टर' म्हणतात आणि पाठीमागे 'गाडीखालच्या बाई'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक आहेत. पहिल्या नावाला त्या ओ देतात. दुसरं कानावर आलं तर नुसत्या वळून बघतात. तेवढं पुरतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एकसष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. एकतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "ड्यूटी होती." तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर त्यांची गाडी उभी असते. पांढरी, लहानखुरी, एकोणीस वर्षांची. तिचं तेल, तिचे ब्रेक, तिची चाकं, सगळं वन्सं स्वतः बघतात.

गॅरेजशी त्यांचं एकदाच बिनसलं, ते कायमचं. चाकांची अदलाबदल करून गाडी घरी आणत होत्या, तर वाटेतच पुढचं डावं चाक डुगडुगायला लागलं. उतरून बघतात तो चारांपैकी दोन नट नुसते बोटाने फिरवून ठेवलेले. गाडी तशीच हळूहळू परत नेली. तिथला माणूस म्हणाला, "बाई, आम्ही टाइटच केलेत. तुम्हाला त्यातलं नाही कळणार." वन्संनी त्याच्या हातातला पाना घेतला, चारही नट आवळले, पाना त्याच्या हातात परत ठेवला आणि म्हणाल्या, "आता कळलं." मग त्यांनी हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवाल्या दादांना गाठलं आणि तीन महिने सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली काम शिकल्या.

गाडी उचलण्याबद्दलची त्यांची कडक शिस्त मात्र दादांकडून आलेली नाही. ती एका पेशंटकडून आली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका माणसाला आणलं होतं. घरासमोर गाडी जॅकवर उचलून, आधाराला विटा रचून तो खाली शिरला होता. विटा फुटल्या. "सहा तास उभे होतो आम्ही," एवढंच वन्सं सांगतात. तो वाचला का, हे मी एकदाच विचारलं. त्या समोरचे पाने मोजत राहिल्या.

पाने मोजणं हा त्यांचा रविवार सकाळचा पहिला कार्यक्रम. अंगात थिएटरमधला जुना हिरवा झगा, पाठीमागे नाड्या बांधायचा, आणि केस टोपीत. जमिनीवर धुतलेली जुनी चादर, तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत पाने ओळीने मांडलेले. काम सुरू करण्याआधी मोजायचे, संपल्यावर पुन्हा मोजायचे. एक कमी भरला तर बॉनेट बंद होत नाही, मग बारा वाजोत नाहीतर दोन.

या कार्यक्रमात माझं पद 'दुसरी'. थिएटरात म्हणे एक जण विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. पोटात कापसाचा बोळा राहू नये म्हणून ही रीत. तीच वन्संनी गाडीखाली आणली. नियम एकच: नुसतं 'हो' चालत नाही. हात लावून सांगायचं.

"गिअर?"

"पहिल्यात." हे गिअरच्या दांड्यावर हात ठेवून.

"हँडब्रेक?"

"ओढलाय, पण ढिला वाटतो."

"मागच्या चाकांच्या पाचरी?"

"डावी पुढे. डावी मागे. उजवी पुढे. उजवी मागे." प्रत्येक लाकडी पाचरीवर थाप मारत, वाकत, उठत. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. इतिहासात एम. ए. केलेली बाई सकाळी सकाळी चाकाभोवती उठाबशा काढतेय. पण त्या माझ्या हसण्याकडे ढुंकूनही बघत नसत, त्यामुळे ते आपोआपच बंद झालं.

पाचरी झाल्या की चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, कारण हवेतल्या चाकाशी झटापट केली तर सगळी गाडीच हलते. मग जॅक, दाराखालच्या पत्र्याला जी खाच असते बरोबर तिथे. गाडी उचलली की तिच्याखाली घोडी, म्हणजे रुंद पायांचा लोखंडी आधार. घोडीखाली जाड फळी, कारण आमच्या आवारातल्या फरशा एका जागी वजन आलं की खचतात. एक बाजू, मग दुसरी बाजू. मग जॅक सोडून सगळा भार दोन घोड्यांवर. "जॅक उचलायला असतो," वन्सं म्हणतात, "धरून ठेवायला नाही." शेवटी गाडी दोन्ही हातांनी गदगदा हलवायची. "राग आल्यासारखी ढकल गं. कुणाचा राग ते मी विचारणार नाही." आणि एवढं सगळं झाल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही.

चार वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. मग मी चार दिवस माहेरी गेले.

पुढचे ब्रेक किरकिरायला लागले होते आणि वन्संना रविवार चुकवायचा नव्हता. माझ्या जागी त्यांनी भावाला बोलावलं. आता आमच्या ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हे एका कार्यालयात तपासनीस आहेत. येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'पाहिले' असा शिक्का मारायचा आणि खाली सही करायची. दिवसाला दोन-अडीचशे कागद. कागद पुरता उलगडायच्या आत सही झालेली असते. माणूस लबाड नाही हो, हाताला वळण पडलंय. घरीसुद्धा मी आतून ओरडते, "दूध वर आलं का बघा," आणि वर्तमानपत्रामागून उत्तर येतं, "बघितलं." मग दूध शेगडीवर आणि मी फडकं घेऊन.

वन्संनीही त्या दिवशी एक सूट दिली. एकतीस वर्षांत सर्जनला न दिलेली सूट भावाला दिली. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन फिरवलं त्याला काय 'हात लावून सांग' म्हणायचं? त्यांनी नट सैल करता करता नुसतं विचारलं, "पाचरी?"

हे म्हणाले, "झालं."

चारही पाचरी शेजारच्या स्कूटरच्या सीटवर होत्या. लावायला म्हणून ह्यांनी उचलल्या, तेवढ्यात फोन वाजला, म्हणून त्या तिथे ठेवल्या आणि विसरले.

वन्संनी जॅक चढवला. पुढचं चाक जमिनीवरून सुटलं, हँडब्रेक आधीपासून ढिला होताच, आणि गाडी वीतभर मागे सरकली. जॅक कलंडला. गाडीचं नाक असं काही आपटलं की चौथ्या मजल्यापर्यंत भांडी वाजली. जॅकचा दांडा उडून पाण्याच्या बादलीतून आरपार गेला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. वरून कुणीतरी किंचाळलं, "सिस्टर गेल्या!"

वन्सं गाडीपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. घोड्या लागल्याशिवाय खाली जायचं नाही, म्हणून नव्हत्या गेल्या. त्यांनी मान वर केली. "आहे अजून. चहा उतू जात असतील तुमचे, जा आत."

संध्याकाळी फलकावर कागद लागला. आमच्या इमारतीचे अध्यक्ष, त्यांना सगळे नोटीसकाका म्हणतात. जिन्यात शिट्टी वाजवू नये, गॅलरीतून शेजारच्यांशी मोठ्याने बोलू नये, अशा त्यांच्या नोटिसा आम्ही जाता-येता वाचतो आणि विसरतो. ही विसरण्यासारखी नव्हती. आवारात वाहन उचलण्यास सक्त मनाई. उल्लंघन झाल्यास वाहनाची जागा काढून घेण्यात येईल.

जागा गेली की गाडी गेली. आमच्या गल्लीत सायकल टेकवायला भिंत मिळत नाही. आणि गाडी गेली की वन्संच्या सोबतच्या निवृत्त झालेल्या तीन जणी, एकीचे गुडघे गेलेले, एकीचे डोळे, तिसरीला दम लागतो, त्यांना तपासणीला नेणार कोण? पण खरं सांगायचं तर वन्संना एवढंच डाचत नव्हतं. "मला काम येत नाही म्हणून नव्हे," त्या म्हणाल्या, "मला येऊ नये असं त्यांना वाटतं म्हणून बंद करतायत. हे मी चालू देणार नाही."

मी माहेरून परतले तर पाचरींबद्दल चकार शब्द नाही. मला ते स्कूटरवालीकडून कळलं. ती आमच्या समोरच शिवणकाम करते. म्हणाली, "तुमची ती लाकडं माझ्या सीटवर होती, सिस्टरच्या दारात ठेवून आले." मी थेट वन्संकडे गेले.

"हे झालं म्हणाले होते ना?"

"मोजणी माझी होती."

"पण चूक ह्यांची होती!"

"त्याने न बघता उत्तर दिलं, मी न बघता घेतलं. थिएटरात अशा वेळी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाहीत."

"हे थिएटर नाही वन्सं, पार्किंग आहे."

"तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

हे मात्र त्या आठवड्यात जेवताना ताटातून मान वर काढेनात. वर मलाच म्हणतात कसे, "ताईने आता हे सोडावं. वय झालं तिचं. गॅरेजं काय ओस पडलीत?"

"वय कुणाचं झालं ते मला विचारू नका," मी म्हणाले, "मी स्कूटरवालीशी बोललेय."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

समितीने वन्संना जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. मीही गेले. नोटीसकाका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सिस्टर, आम्हाला तुमची काळजी वाटते हो, दुसरं काही नाही."

"काळजी वाटते तर रविवारी आठ वाजता खाली या. गाडी उचलणार आहे."

"अहो, पण मनाई आहे!"

"माहीत आहे. तुमचं अक्षर सुरेख आहे, लांबूनही वाचता येतं."

रविवारी अकरा माणसं जमली. दोघा-तिघांनी घरून खुर्च्या आणल्या होत्या. नोटीसकाका हातात फाइल घेऊन, जणू गाडी त्यांच्यावरच पडणार आहे अशा बेताने भिंतीला चिकटून उभे. वन्सं झगा, टोपी, चादर, पाने, सगळ्यांनिशी नेहमीसारख्या. हँडब्रेकची तार त्यांनी आदल्या दिवशीच आवळून घेतली होती. त्या विचारत गेल्या, मी हात लावून सांगत गेले. पाचरींपाशी आलो, मी वाकले. "डावी पुढे. डावी मागे. उजवी पुढे. उजवी मागे." वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत हे वर्तमानपत्र धरून उभे होते. तासाभरात पान काही उलटलं नाही.

गाडी दोन घोड्यांवर बसली. वन्संनी हात झटकले. "काका, या. ढकला."

नोटीसकाकांनी दोन बोटं दाराला टेकवली.

"लिफ्टचं बटण दाबताय का? ढकला!"

त्यांनी तळहात लावला. मग खांदा लावला. मग शिवणकामवाली "सरका हो तुम्ही" म्हणत आली आणि तिने पाठ लावून जोर केला. गाडी घोड्यांवरून तसूभरही ढळली नाही. वन्सं पुठ्ठ्यावर आडव्या झाल्या आणि सरकत खाली गेल्या. आता नुसते दोन पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते. खालून आवाज आला, "हं, विचारा काय विचारायचंय ते. तेल गळेपर्यंत मी मोकळीच आहे."

"सिस्टर, तुम्ही बाहेर येऊन बोला."

"बाहेर होते तेव्हा कुठे ऐकलंत?"

खुर्च्यांवरचे हसले. नोटीसकाका हसले नाहीत. मला तेव्हाच वाटलं की हा माणूस आता नाही म्हणणार नाही, पण हो म्हणायचीही काहीतरी वाकडी वाट काढणार.

तसंच झालं. पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता ते आमच्याकडे आले. वन्सं चहाला वरच होत्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता एक टाइप केलेला कागद ह्यांच्यासमोर ठेवला. "साहेब, समितीने मार्ग काढलाय. सिस्टरना परवानगी. फक्त घरातल्या जबाबदार पुरुषाच्या देखरेखीखाली. तुमची सही झाली की संपलं. औपचारिकता हो, बाकी काय."

ह्यांचा हात खिशाकडे गेला. पेन निघालं, टोपण उघडलं, टोक कागदाच्या तळाशी टेकलं. हे सगळं इतक्या सवयीने झालं की मी तोंड उघडेपर्यंत सहीची पहिली रेघ ओढलेली असती. पण ह्यांची नजर कुठेतरी अडली. पेन उचललं गेलं. ह्यांनी कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायला लागले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी ह्यांना कुठलाही कागद असा वाचताना पाहिलं नव्हतं.

मला राहवेना. मी काही बोलणार तेवढ्यात वन्संनी माझं मनगट धरलं.

"साहेब, नेहमीचाच मजकूर आहे," काका म्हणाले.

"थांबा जरा." बोट एका ओळीवर येऊन थांबलं. ह्यांनी मोठ्याने वाचलं, "'मागील अपघात माझ्या ज्येष्ठ भगिनीच्या अनवधानाने झाला असून...' हे कुणी लिहिलं?"

"लिहावं लागतं काहीतरी. कारण दाखवावं लागतं ना."

"खोटं आहे हे."

"म्हणजे?"

ह्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ताईने मला पाचरी विचारल्या. मी झालं म्हणालो. बघितलंच नव्हतं. त्या स्कूटरवर पडल्या होत्या. ताईचा नियम नसता तर ती खाली असती, आणि मी..." ह्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं.

"असू दे हो," काका समजुतीने म्हणाले, "घरातली गोष्ट घरात. कागदावर काय, एक सही..."

"मी सही करत नाही."

"मग परवानगी रद्द समजायची का?"

आता वन्सं बोलल्या. चहाची बशी खाली ठेवून, अगदी शांतपणे. "काका, परवानगी मागितली कुणी होती? मी तुम्हाला बघायला बोलावलं होतं. माझ्या गाडीपाशी मला दुसरा माणूस लागतो, ते खरं. तो पुरुष असावा, असं गाडीने मला कधी सांगितलं नाही."

"सिस्टर, जागा काढून घ्यावी लागेल."

"घ्या ना. येताना चार माणसं आणा. त्या वेळी गाडी घोड्यांवर असेल. उतरवायची कशी ते मी सांगेन, पण उतरवायची तुम्ही, आणि पद्धतीने. फळी काढताना बोटं सांभाळा."

काका कागदाची घडी घालून उठले. दारापर्यंत गेले, थांबले, मग चपला घालायला लागले. ह्यांनी बहिणीकडे बघितलं. "ताई, उद्या रविवार आहे. उद्या मी..."

"उद्या कशाला? मागचे ब्रेक राहिलेत. उजेड आहे अजून दोन तास."

त्या जिना उतरायलाही लागल्या. हे पाठोपाठ, मी त्यांच्यामागे. खाली गेल्यावर ह्यांनी आपणहून फळ्या उचलून आणल्या, चादर अंथरली, पाने मांडले. मोठा लहानाच्या आधी ठेवला म्हणून ते पुन्हा मांडावे लागले. मग ह्यांनी पाचरी घेतल्या आणि मागच्या चाकांकडे निघाले.

"कुठे चाललास? आज मागची बाजू हवेत जायचीय. हवेतल्या चाकाला पाचर लावून काय त्याची समजूत काढणार आहेस?"

हे पुढे आले. गुडघे टेकून चारही पाचरी एकेक करून लावल्या, बुटाच्या टाचेने ठोकल्या. वन्सं जॅकपाशी उकिडव्या बसून होत्या, त्यांनी मान वळवली नाही.

"पाचरी?"

उत्तर यायला वेळ लागला. हे पुन्हा पहिल्या चाकापासून सुरू झाले होते. त्याही घाई न करता वाट बघत बसल्या. मग प्रत्येक थापेनंतर एकेक शब्द आला, आणि चौथा आल्यावर त्यांनी जॅकचा दांडा हातात घेतला.

नोटीसकाका तोवर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. गाडी घोड्यांवर बसली. वन्सं पुठ्ठ्यावरून खाली सरकल्यावर त्यांना धीर आला. "सिस्टर, हे मी आज समितीपुढे ठेवणार आहे, सांगून ठेवतो."

"ठेवा," गाडीखालून आवाज आला. "किती वाजता येऊ तेवढं सांगा. कोपरापर्यंत हात धुवायला मला दहा मिनिटं लागतात."